तेरचं संग्रहालय: मी पाटी वाचत होतो, आईनं जातं ओळखलं

कडब्याची गंजी (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात तुळजापूरला गेलो होतो. परत निघताना आई म्हणाली, एवढं जवळ आलोत तर गोरोबाकाकांच्या पाया पडून जाऊ. धाराशिवहून तेर वीसेक किलोमीटर, पुढं ढोकीवरून लातूरला निघता येतं, म्हणून गाडी वळवली.

समाधीचं दर्शन होईस्तोवर साडेबारा वाजले. ऊन असं की तेरणेच्या पात्राकडं बघवत नव्हतं. झाडाखाली बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आता ऊन उतरेपर्यंत थांबायचं कुठं? पोरगी सातवीत आहे, ती मोबाईल बघत म्हणाली, बाबा, इथं म्युझियम आहे. तर आम्ही काही इतिहासाच्या ओढीनं गेलो नाही, सावलीला गेलो. खरं ते सांगितलेलं बरं.

दारात आमच्याकडं कुणी पैसे मागितले नाहीत. वहीत नाव-गाव लिहा म्हणाले, लिहिलं. जाताना तुम्ही चौकशी करून जा, कारण असले नियम बदलत राहतात.

संग्रहालयाला कै. रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव आहे. लामतुरे तेरचेच. पावसानं माती वाहून गेली की टेकाडांवर, शेतात, नदीकाठाला जे उघडं पडायचं ते हा माणूस वर्षानुवर्षं गोळा करत राहिला. मणी, नाणी, बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या. गावातली पोरं चिंचोके जमवतात तसं म्हणावं, तर पोरं मोठी झाली की चिंचोके टाकून देतात. यांनी टाकलं नाही. पुढं हा सगळा संग्रह शासनाकडं गेला आणि गावातच राहिला. मला तर 'गावातच राहिला' हेच सगळ्यात मोठं वाटलं.

आत काय आहे ते ओळीनं सांगत बसत नाही. दोनच गोष्टी सांगतो.

पहिली, बाहुल्या. केओलिन म्हणजे पांढरट, गुळगुळीत माती. त्या मातीच्या बोटभर उंचीच्या स्त्रिया. केसांच्या रचना अशा की पोरगी म्हणाली, आईला लग्नात असा खोपा घालायला पाहिजे होता. कानात जड कुंडलं, गळ्यात सरी, काहींचं तोंड जरासं हसरं. त्यातली एक मागून फुटलेली होती आणि नेमकी अशी ठेवलेली की आतली पोकळी दिसत होती. मी नाक काचेला लावून बघितलं. आतल्या बाजूला बोटांचे ठसे. कुणीतरी साच्यात माती दाबताना उमटलेले, तीन-चार, एकाशेजारी एक. बाहेरून तो साचा एवढा कोरीव आणि आतून नुसती घाईघाईत दाबलेली बोटं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा तळहात बघितल्यासारखं झालं. मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो, बायको पुढं जाऊन परत बोलवायला आली.

दुसरी गोष्ट आईची. आईचं वय चौऱ्याहत्तर, शाळा दुसरीपर्यंत. ती सगळ्या कपाटांवरून रेल्वेच्या खिडकीतून बघावं तसं बघत चालली होती. एका जात्यापाशी थांबली. मी पाटी वाचून सांगायला लागलो, सातवाहन काळ वगैरे. तिनं ऐकलंच नाही. वाकून म्हणाली, "एका अंगानं झिजलंय बघ. दळणारी एकटी होती. दोघी समोरासमोर बसल्या असत्या तर सारखं झिजलं असतं."

हे बरोबर की चूक मला माहीत नाही. पण पुढचा अर्धा तास तिनं मला आणि पोरीला जात्याबद्दल जे सांगितलं, ते मी तिचा पोरगा असून पहिल्यांदा ऐकलं. मूठभर कशी वैरायची, जास्त वैरलं की पीठ कसं भरड पडतं, जातं गुळगुळीत झालं की टाकी लावणारा (छिन्नीनं दगड पुन्हा खरबरीत करणारा) कसा गावात ओरडत यायचा, टाकी लावल्यावर पहिलं दळण गाईला का घालायचं (दगडाची कच येते म्हणून). पोरगी हे सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करायली होती.

इथं कुणी तेरवर जास्त वाचलेलं असेल तर सांगा. पोरीला शाळेत दहा मिनिटं बोलायचंय. आणि मराठवाड्यात असली अजून छोटी संग्रहालयं कुठं आहेत, जिथं पोरांना न्यायला खिसा बघावा लागत नाही?

लातूरची लेक

भाऊ, मस्त लिहिलंत. आईंना नमस्कार सांगा.

तेर म्हणजे जुनं तगर. 'पेरिप्लस' नावाचं पहिल्या शतकातलं ग्रीक व्यापाऱ्याचं टिपण आहे, समुद्रमार्गावर कुठल्या बंदरात काय मिळतं याचं. त्यात गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं लिहिलंय. तगरहून जाडंभरडं कापड भरपूर, तऱ्हेतऱ्हेची मलमल, असला माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा, तोही धड रस्ता नसलेल्या मुलखातून. पोरीला एवढं सांगायला सांगा, की तेव्हाही इथला कापूस लांब जायचा आणि तेव्हाही रस्ते तसेच होते. वर्ग हसेल आणि लक्षात ठेवेल.

तिथली हस्तिदंती बाहुली बघितली का? वीतभरही नाही, पण तिच्यासारखीच एक इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली १९३८ साली सापडली. पॉम्पेई ज्वालामुखीखाली गेलं इ.स. ७९ मध्ये. म्हणजे त्याच्या आधी कधीतरी आपल्या तेरची बाहुली तिथं पोचली होती!

शंकासूर

नेहमीप्रमाणे विरजण घालायला आलोय, माफी असावी.

'आपल्या तेरची बाहुली पॉम्पेईत' हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता ते खरंच वाटायला लागलंय. पण पॉम्पेईच्या मूर्तीवर एक खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी, गांधार वगैरे भागातली. आपल्याकडं तेव्हा ब्राह्मी चालायची. अफगाणिस्तानात बेग्रामला हस्तिदंताचा मोठा साठा सापडलाय, त्यातल्या बायकाही याच घडणीच्या. आणि आपल्याच जालना जिल्ह्यात भोकरदनलाही तशी हस्तिदंती मूर्ती मिळालीय. मग ती पॉम्पेईला गेली ती तेरची, भोकरदनची की उत्तरेकडची? तीन गावांत एका तऱ्हेची वस्तू मिळाली तर एवढंच म्हणता येतं की कारागिरीची एक चाल सगळीकडं पसरलेली होती. 'आपलीच' म्हणायची घाई कशाला?

लातूरची लेक

@शंकासूर, खरोष्ठीचं माहीत होतं, सोयीस्कर विसरले. मान्य. पण भोकरदन काढलंत ते चांगलं केलंत. भोकरदन म्हणजे भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलीयत, त्यात भोगवर्धनचे लोक आहेत. म्हणजे मराठवाड्यातल्या माणसानं मध्य प्रदेशात जाऊन स्तूपाला दान दिलं आणि गावाचं नाव लिहून ठेवलं. गावाच्या नावाची हौस जुनीच.

चाकावरची माती

मी कुंभाराच्या घरातला. आता आयटीआयमध्ये शिकवतो, पण लहानपण आव्याच्या, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीच्या, धुरात गेलं. त्या बोटांच्या ठशांबद्दल लिहावं वाटलं.

असल्या बाहुल्या दोन साच्यांत करतात, पुढचा एक, मागचा एक. साच्यात माती अंगठ्यानं आणि बोटानं दाबत जायची, कोपऱ्याकोपऱ्यात. मग दोन अर्धी शकलं एकमेकांना ओल्या मातीनं चिकटवायची आणि सांधा बाहेरून पुसायचा. आतून पुसायला हात जातच नाही, म्हणून ठसे राहतात. घाईनं नाही हो भाऊ, आत हात जात नाही म्हणून!

आणि पोकळ करायचं कारण माती वाचवणं एवढंच नाही. भरीव गोळा आव्यात घातला की बाहेरची माती आधी वाळते, आतल्या ओलीची वाफ होते आणि गोळा फुटतो. आमच्या आज्यानं एकदा भरीव बैल केले होते पोळ्याला, निम्मे आव्यातच फुटले. पोकळ असलं तरी जाडी सगळीकडं सारखी पाहिजे. जिथं जाड, तिथं तडा. म्हणून साच्यात बोटानं दाबत दाबत अंदाज घ्यायचा. तुम्ही बघितलेले ठसे म्हणजे त्या माणसाचं माप घेणं आहे.

गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे. संतमंडळी जमलेली, काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणून बघितलं, मडकं पक्कं का कच्चं. नामदेव कुरकुरले आणि कच्चे ठरले. लोक ही गोष्ट ज्ञानाची म्हणून सांगतात. आमच्या घरात ती धंद्याची म्हणून सांगतात. मडक्याला टिचकी मारली की आवाजावरून कळतं. ज्या गावात हजार-बाराशे वर्षं आधी इतकी मातीकला होती, त्याच गावात पुढं कुंभार संत व्हावा, याचं मला लहानपणापासून नवल वाटतं.

कडब्याची गंजी

@चाकावरची माती, दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. पोरीनं वहीत उतरवून घेतला. 'घाईघाईत' हा माझा शब्द मागं घेतो.

@शंकासूर, तुम्ही बोललात ते पोरीला सांगितलं. ती म्हणाली, मग मी 'बहुतेक' म्हणेन. म्हटलं, म्हण.

निवृत्त मास्तर

छान धागा. दोन शब्द माझेही.

आपल्याकडं गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पांढरी मुळात पांढरी नसते. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली, मातीची घरं पडली, त्यावर पुन्हा बांधली, चुलीची राख, शेण, हाडं, खापऱ्या सगळं एकावर एक साचत गेलं, की तिचा रंग फिका पडतो. जुन्या गावाचं टेकाड म्हणजे ही पांढर.

आता माळवदाची घरं आठवा. तुळया, त्यावर फळ्या-काटक्या, त्यावर हातभर पांढरी माती. ती पाणी आत सोडत नाही, म्हणून माळवदाला हीच लागते. मृगाआधी दरवर्षी नवी माती टाकायची. ती आणायची कुठून? टेकाडावरून. शेतकरीही खत म्हणून हीच माती गाडीगाडीनं न्यायचे. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी सातवाहनांचं गाव उकरून घरावर आणि रानात पसरलं. कुणाचा दोष नाही, त्यांना माती दिसत होती, काळ दिसत नव्हता. पण खोदताना मणी, नाणी, बांगड्या निघायच्याच.

मी गोदाकाठच्या एका खेड्यात शिकवत होतो. वर्गातल्या एका पोरानं मला एक बोथट, गोल शिशाचा तुकडा दाखवला. एका बाजूला हत्तीसारखं काहीतरी. विचारलं, कुठं मिळालं? म्हणाला, "गुरुजी, आमच्या जाळ्याला असली लय हायती." बापानं टेकाडावर मिळालेली शिशाची नाणी ठोकून मासे धरायच्या जाळ्याला वजन म्हणून बांधली होती. सातवाहन राजांची नाणी शिशाचीही असतात, हे मला तेव्हा पुस्तकातून माहीत होतं. त्या माणसाला शिसं माहीत होतं. दोघंही आपल्या जागी शहाणे. आजही मला चुटपुट लागते की मी ते जाळं का बघायला गेलो नाही. शाळेची तपासणी होती त्या आठवड्यात.

म्हणून लामतुरे यांचं काम मला मोठं वाटतं. ते खोदायला गेले नाहीत. लोकांच्या हातातून निसटणारं त्यांनी थांबवलं. १९५८ च्या सुमारास तेरला रीतसर उत्खनन झालं. त्याच काळात ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनीही तेरच्या वस्तूंवर लिहिलं. विद्वान आले ते नंतर, गावात आधीच एक माणूस बसलेला होता.

बार्शी लाईन

थोडं विषयांतर. माझे आजोबा तेरला छोट्या गाडीनं जायचे. बार्शी लाईट रेल्वे, अडीच फुटी रूळ, १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. इंग्रजांच्या जुन्या कागदांत तेरचं स्पेलिंग वाचलं तर ते 'थैर' असं होतं. गाडीचा वेग असा की उतरून लघवी करून परत चढता यायचं, असं आजोबा सांगायचे. त्यांच्या सगळ्या गोष्टींत एवढीच एक मला शंभर टक्के खरी वाटते. आता मोठी लाईन आहे.

विषयांतर संपलं.

पंचगंगा

कोल्हापूरचा आहे, मध्येच घुसतोय.

तगर किती मोठं होतं याचा पुरावा आमच्याकडं आहे. शिलाहार राजे, कोल्हापूरचेही आणि उत्तर कोकणातलेही, आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे. राज्य पन्हाळ्याला आणि ठाण्याला, बिरुद तुमच्या तेरचं. मूळ गाव विसरायचं नाही, हे त्यांना चांगलंच माहीत होतं.

आणि तगर म्हणजे तेर हे ठरायलाही बराच काळ गेला. कुणी दौलताबाद म्हणायचं, कुणी जुन्नर, कुणी धारूर. १९०१ च्या सुमारास फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं तेरवर बोट ठेवलं आणि मग बाकीचे गप्प झाले.

आमच्याकडं ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती मिळाली होती. ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेच्या काठी! टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. तेर बघितलंत तर कोल्हापूरला आलात की तीही बघा, एकमेकांची पाहुणी आहेत.

शंकासूर

बिरुदाचा मुद्दा आवडला. यावर माझ्याकडं शंका नाही, नोंद व्हावी.

कापूसकोंड्या

एक प्रश्न. आमच्या रानात मागच्या वर्षी नांगरताना एक मडकं फुटलं, आत काळपट नाणी निघाली, तीस-पस्तीस. वडिलांनी घरात ठेवलीत. चिंचेत घालून घासायला काढली होती, मी थांबवलं. काय करावं? (गावाचं नाव लिहीत नाही.)

निवृत्त मास्तर

@कापूसकोंड्या, थांबवलंस हे फार चांगलं केलंस. चिंच, राख, लिंबू, ब्रश काहीही लावू नको. तो काळपट थर नाण्याचंच अंग आहे. घासलंस की अक्षरं जातात आणि उरतो नुसता धातू.

कायदा असा: १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची ठेव असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची. तहसील कार्यालयात लेखी अर्ज दे आणि त्याची पोच घे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागतो.

आणि एक काम आजच कर. मडकं कुठल्या बांधापासून किती पावलांवर, किती खोल निघालं, जवळ खापऱ्या-विटा होत्या का, ते वडिलांना विचारून कागदावर लिहून ठेव. मडक्याचे तुकडे राहिले असतील तर तेही ठेव. नाणी कुणीही वाचेल. कुठं निघाली, हे फक्त तुझ्या वडिलांना ठाऊक आहे.

कापूसकोंड्या

धन्यवाद सर. तुकडे आईनं तुळशीच्या कुंडीत खाली घातलेत. काढतो.

गोदाकाठ

धागाकर्त्याचा शेवटचा प्रश्न राहूनच गेला बहुतेक.

पैठणला बाळासाहेब पाटील यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे. गोष्ट तीच, एका माणसानं आयुष्यभर जमवलेलं. पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी, त्यामुळं तेर बघितल्यावर पैठण बघितलं की दोन बाजू जुळतात. पेरिप्लसमध्ये पैठणहून गोमेदासारखे दगड जायचे असं आहे, मणी बघताना ते आठवा. संभाजीनगरात विद्यापीठाच्या बाजूला सोनेरी महाल आहे, सतराव्या शतकातला. तिथंही पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे आणि मागं डोंगर असल्यानं पोरं खूश होतात. तिकिटाचं प्रत्येक ठिकाणी आधी विचारून घ्या. पण खरं सांगू का, माणशी एका चहाएवढं असलं तरी कुटुंबाचं काही अडणार नाही. पोरांना खाऊच जास्त लागतो.

एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात (नाव नको) आम्ही पोरांना घेऊन गेलो होतो. तिथं पोरगा जरा मोठ्यानं "बाबा, हे काय?" म्हणाला, तर रखवालदारानं बोट तोंडावर ठेवून गप्प केलं. पोरगा त्यानंतर दीड तासात एकदाही काही विचारला नाही. तुमची आई तिथं असती तर जात्यावरची अर्ध्या तासाची गोष्ट झालीच नसती.

लातूरची लेक

तेरला जाताय तर त्रिविक्रमाचं देऊळ चुकवू नका. बाहेरून साधं वाटतं. गाभारा मागून गोल आहे, हत्तीच्या पाठीसारखा, विटांचा. डोंगरात कोरलेल्या लेण्यांत चैत्यगृह बघतो ना आपण, तसं इथं विटांत उभं केलेलं. मुळात बौद्ध चैत्य असावं आणि नंतर विष्णूचं झालं, असं अभ्यासक मानतात. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याकडं लक्ष वेधलं. कोरलेलं चैत्य हजार वर्षं टिकतं यात नवल नाही, विटांचं टिकलं यात आहे. आत अजून पूजा होते, म्हणून टिकलं असं मला वाटतं. वापरातली गोष्ट माणूस पडू देत नाही.

उत्तरेश्वराच्या देवळाची लाकडी कोरीव चौकट संग्रहालयात आहे. कडब्याची गंजी, ती बघितलीत का? दगड टिकतो, लाकूड नाही, म्हणून त्या काळचं लाकूडकाम बघायला मिळणं दुर्मीळच.

कडब्याची गंजी

चौकट बघितली, पण खरं सांगायचं तर तिच्यापुढून सरळ चालत गेलो. जात्यानं आणि बाहुलीनं सगळा वेळ खाल्ला. आता परत जावं लागणार.

गावात एकानं सांगितलं की तिथल्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. खरं का?

चाकावरची माती

तेरबद्दल तेच ऐकलंय, स्वतः तरंगवून बघितली नाही. पण तरंगू शकते, त्यात जादू काही नाही. मातीत भाताचं तूस, भुसा भरपूर मिसळायचा. भाजताना तूस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. वीट हलकी होते. छिद्रांत हवा असेपर्यंत तरंगते, पाणी मुरलं की बुडते. हलकी वीट वर चढवायला सोपी, खालच्या भिंतीवर भारही कमी. आता सिमेंटच्या हलक्या ब्लॉकला लोक नवीन म्हणतात.

शंकासूर

कुणीतरी बादली घेऊन जा आणि व्हिडिओ टाका. (देवळाची वीट उपटू नका म्हणजे झालं.)

कडब्याची गंजी

अपडेट. पोरीचं शाळेत बोलून झालं. दहा मिनिटं दिली होती, वीस घेतली. 'बहुतेक' तीन वेळा म्हणाली, मोजायला मी नव्हतो, तिनंच सांगितलं. बोटांच्या ठशांचं सांगताना तिनं वर्गात कणकेचा गोळा नेला होता. साच्याऐवजी वाटी. वाटीत कणीक दाबून पोरांना आतले ठसे दाखवले. ही आयडिया माझी नाही, बायकोचीही नाही, तिच्या आज्जीची.

बाईंनी विचारलं म्हणे, की ते जातं झिजलं ते एकटीनं दळल्यानं, हे कुठल्या पुस्तकात आहे? पोरीनं सांगितलं, आज्जीनं सांगितलंय. बाईंनी लिहून घेतलं.

निवृत्त मास्तर

शाब्बास. दिवाळीनंतर आमचं पाच-सहा जणांचं टोळकं तेरला जाणार आहे. चौकट, त्रिविक्रम, सगळं निवांत बघायचंय. आपल्या मातोश्री येतील का? जात्यापाशी आम्हालाही अर्धा तास बसायचंय.

कडब्याची गंजी

आईला विचारलं. येते म्हणाली. पण दशम्या या खेपेला तुम्ही आणायच्या म्हणते, आणि गहू चक्कीवर बारीक दळू नका, तिला भरड लागतं.